कोनशिला सगळ्यांनाच हवी, पगार कोण देणार?

थोडं मोठं लिहितोय. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी पैशांचा हिशेब आहे आणि तो आपल्या गावचा आहे.

"पेशंटला ससूनला हलवलं." "जेजेला पोस्टमॉर्टेम झालं." "बाळाला वाडियात ठेवलंय." ही वाक्यं आपण इतक्या वेळा बोललोय आणि आम्ही बातमीदारांनी इतक्या वेळा छापलीत, की ससून, जेजे, वाडिया ही माणसांची नावं आहेत हे डोक्यातून निघूनच गेलंय. ही माणसं डॉक्टर नव्हती. व्यापारी होती, गिरणीमालक होती. त्यांनी पैसे दिले म्हणून दवाखाने उभे राहिले.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी देणग्यांचा इतिहास आहे. पण त्या इतिहासात एक भानगड आहे. भिंतींना दिलेला पैसा दिसतो, माणसांना दिलेला पैसा दिसत नाही. आणि जेव्हा जेव्हा खरोखर काही बदललं, तेव्हा तो न दिसणारा पैसाच कामाला आला होता. आजच्या पोस्टचा मुद्दा एवढाच.

सुरुवात जेजेपासून करू.

जमशेदजी जीजीभॉय यांचा जन्म १७८३ चा. लहानपणीच आईवडील गेले. मुंबईत येऊन चीनशी व्यापार सुरू केला, कापसाचा आणि अफूचा. हो, अफूचा. आज एखाद्या संस्थेने कोणाची देणगी घ्यावी आणि कोणाची नाकारावी यावर चर्चा झडतात, त्या वादाचं मूळ इतकं जुनं आहे. त्या पैशातून जमशेदजींनी दवाखान्यासाठी लाखभर रुपये दिले. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये दवाखाना सुरू झाला. त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तेव्हाचे लाख रुपये म्हणजे आजचे किती याचा हिशेब मी करत बसत नाही. एवढंच लक्षात घ्या, पावणेदोनशे वर्षांनंतरही आपल्या जिल्ह्यातला माणूस शेवटची आशा म्हणून तिथेच जातो.

पुण्याचं ससूनही तसंच. डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. १८६४ मध्ये पुण्यात वारले. कॅम्पातलं लाल देऊळ तुम्ही पाहिलं असेल, तिथेच त्यांची कबर आहे. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं.

म्हणजे इमारती झाल्या. खाटा आल्या. पण एक मोठा वर्ग त्या खाटांपर्यंत पोहोचतच नव्हता. बायका.

त्या काळी पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची म्हटली तरी घरात चर्चा व्हायची, बाळंतपणाचं तर विचारूच नका. दवाखाना दारात असला तरी बाई सुइणीच्या हातात आणि देवाच्या भरवशावर. इथे आणखी एक इमारत बांधून काय होणार होतं?

हे दोघांच्या लक्षात आलं. एक मुंबईत व्यवसाय करणारे अमेरिकन गृहस्थ जॉर्ज किट्रेज आणि दुसरे पारशी समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक निधी उभारायला घेतला. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी हा निधी होता आणि त्याचं पहिलं काम होतं इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणणं. म्हणजे लोकांकडे पैसे मागितले ते एका माणसाचा प्रवास, पगार आणि राहण्याची सोय यासाठी. १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पेची मुंबईत उतरल्या. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी भांडलेल्या पहिल्या सात मुलींपैकी त्या एक.

इमारतही लागणारच होती. ती पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून झाली आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. पण या दवाखान्याचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील, हे आधी ठरलं होतं. आधी माणूस कोण हे ठरलं, मग भिंती आल्या. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच साखळीची पुढची कडी म्हणजे रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. खटला गाजला, तुरुंगात जायची वेळ आली तरी त्या हटल्या नाहीत. ही गोष्ट आपल्याला शाळेत थोडीफार सांगतात. पुढची सांगत नाहीत. खटला मिटल्यावर एडिथ पेची आणि इतरांनी पुढाकार घेतला, पैसे गोळा केले आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि नंतर राजकोट इथे त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ बायकांचे दवाखाने सांभाळले.

आता हिशेब मांडा. एका मुलीच्या शिक्षणाला लोकांनी पैसे दिले. बदल्यात दोन शहरांतल्या बायकांच्या किमान दोन पिढ्यांना डॉक्टर मिळाली. यापेक्षा जास्त व्याज कोणत्या बँकेने दिलंय?

असंच एक उदाहरण मुंबईच्या केईएमचं. हे रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ च्या सुमारास सुरू झालं. त्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या वरच्या जागा जवळपास सगळ्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याने खालीच राहायचं. सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. देणगी इमारतीला मिळाली, पण अटीने माणसांना जागा मिळवून दिल्या.

इथवरची सगळी गोष्ट शहरातली आहे. खेड्याचं काय?

आता आपल्या भागात येऊ. जामखेड इथून तास-दीड तासावर. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे कामाला आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत शिक्षण झालेलं. रजनीकांत तर याच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. सुरुवातीच्या मदतीत ख्रिस्ती संस्थांच्या जागतिक परिषदेच्या वैद्यकीय आयोगाचा वाटा होता. म्हणजे बाहेरच्या लोकांनी दिलेलं दान.

पहिला प्रयोग त्यांनी नेहमीसारखाच केला. शिकलेल्या नर्सबाई गावोगाव नेमायच्या. तो फसला. परगावची एकटी मुलगी खेड्यात राहायला तयार होईना आणि राहिली तरी गावातल्या बायका तिचं ऐकेनात. तेव्हा एका सरपंचाने सुचवलं, की आमच्याच गावातली एखादी बाई का शिकवत नाही? त्यातून जामखेडची ती प्रसिद्ध पद्धत जन्माला आली. गावाने निवडलेली बाई, बहुतेक वेळा निरक्षर, अनेक जणी दलित समाजातल्या. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, शिकायचं, गावात जाऊन सांगायचं. गरोदर बाईचं वजन, बाळाचं दूध, जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी, नाळ कापताना स्वच्छता, लस.

मधेच १९७२ चा दुष्काळ आला. लोक म्हणाले, औषध नंतर, आधी पाणी द्या. देणगीचा पैसा मग बोअर आणि हातपंपांकडेही वळला. असे हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावं लागलं. आरोग्याच्या पैशातून जातीच्या भिंतीलाही तडा गेला.

१९७१ च्या सुमारास त्या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पाचसहा वर्षांत हा आकडा पन्नासच्या आसपास आला आणि १९९० च्या दशकात विशी-पंचविशीत. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा शहरात 'सर्वांसाठी आरोग्य'चा जाहीरनामा झाला, त्यामागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या बाजूच्या तालुक्यातली निरक्षर बाई जगाच्या धोरणात जाऊन पोहोचली, आणि आपण अजून जामखेडला फक्त बाजाराला जातो.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीची जागा म्हणजे तेंदूपानाचं गोदाम. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं? मोजणी. गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू लिहून ठेवायचा. कुठलाही देणगीदार "माझ्या नावाने मृत्यूची नोंदवही ठेवा" असं म्हणणार नाही. पण त्या मोजणीतून कळलं, की बाळं सर्वाधिक दगावतात ती जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि तीही घरात.

मग गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. खेड्यातली, फारशी न शिकलेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देते, हे तेव्हा कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने फाईलवर मंजूर केलं नसतं. उद्या काही झालं तर नोकरी जाईल, या भीतीने. पण सर्चच्या या अभ्यासाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकन फाउंडेशनांचा पैसा होता. ३९ गावांत काम झालं, शेजारच्या गावांशी तुलना झाली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी.

आणि पुढे? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशाताई आल्या. २०११ मध्ये आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करायची हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. तुमच्या घरी बाळ आलं तेव्हा वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन जी आशाताई आली होती, तिच्यामागे जामखेड आहे, गडचिरोली आहे. आणि त्यांच्यामागे कुठल्या तरी दूरच्या माणसाने दिलेली, पाटीवर कधीच न लागलेली देणगी आहे.

मला दानाचं खरं काम इथे दिसतं. दान म्हणजे बियाणं. सगळ्या शेताला पुरेल एवढं धान्य ते कधीच देऊ शकत नाही, ते काम सरकारचंच. कुठलाही शेठ, कुठलाही ट्रस्ट अख्ख्या राज्याची बाळंतपणं करू शकत नाही. पण सरकार जो धोका घेत नाही तो दानाचा पैसा घेऊ शकतो. फसलं तर एका संस्थेचं नुकसान होतं. जमलं तर देशाचं भलं होतं.

पण या गोष्टीत एक खडा आहे, तो लपवायचा नाही.

या प्रयोगांमधून सरकार दोन गोष्टी शिकलं. एक, गावातली साधी बाई उत्तम आरोग्यसेविका होऊ शकते. दोन, तिला थोड्या मानधनात भागवता येतं. पहिला धडा सोन्यासारखा होता. दुसरा सरकारने जरा जास्तच मनावर घेतला. जामखेडसारख्या ठिकाणी ते काम सेवाभावाचं होतं, बाईला गावात मान होता, मागे आठवड्याला शिकवणारी संस्था उभी होती. सरकारने तीच कल्पना लाखो बायकांना लावली, कामं वाढवत नेली, पण त्यांना कर्मचारी म्हणायला तयार नाही. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या, त्या याच कारणाने. सरकारला नावं ठेवायला मी कमी करत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण माणसाला पैसे द्यायचे म्हटले की हात आखडतो, ही खोड फक्त सरकारची नाही. ती आपलीही आहे.

आता आपल्या तालुक्याकडे या.

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. लोकार्पणाच्या जितक्या बातम्या मी लिहिल्यात त्यांची गणतीच नाही. फित, नारळ, हार, फोटो. एका ठिकाणी देणगीतून आलेली अँब्युलन्स ड्रायव्हरअभावी महिनोन् महिने शेडमध्ये उभी होती. दुसऱ्या ठिकाणी तपासणीचं मशीन आलं, चालवणारा टेक्निशियन नव्हता, मशीनवर प्लास्टिक तसंच. देणाऱ्यांची नियत शंभर टक्के चांगली होती. पण मशीनचे पैसे एकदा द्यायचे असतात, ड्रायव्हरचे दर महिन्याला. आणि दर महिन्याच्या पगाराचं लोकार्पण होत नाही.

मोतीबिंदूची, रक्ततपासणीची शिबिरं होतात. चांगलंच आहे, हजारोंना फायदा झालाय. पण शिबिरात बीपी वाढलेलं निघालं, पुढे काय? महिन्याने त्या माणसाच्या घरी कोण जातं? गोळी सुरू केली का, परवडते का, की बरं वाटलं म्हणून बंद केली? शिबिर एका दिवसाचं, बीपी आयुष्यभराचं.

कायद्याचाही यात हात आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण एका प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं. गावाचा विश्वास बसायलाच तीन वर्षं लागतात, तोवर प्रकल्प आवरता घ्यायची वेळ येते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा द्यायला बंदी झाली. गैरव्यवहार रोखायला नियम हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण खेड्यातल्या ज्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांमार्फत मदत मिळवत होत्या, त्यांचा तो रस्ता बंद झाला. आज जामखेडसारखं काही नव्याने सुरू करायचं म्हटलं तर ते जास्त अवघड आहे.

म्हणजे उरतो आपण.

साधा हिशेब सांगतो. आपल्या गावात महिन्याला १०० रुपये सहज देऊ शकतील अशी २०० घरं नाहीत असं कोणी मला सांगू नये. गणपतीच्या पावत्या मी पाहिल्यात. २०० घरं, १०० रुपये, महिन्याला झाले २०,००० रुपये, वर्षाला २ लाख ४० हजार. यात गावातलीच एक शिकलेली मुलगी किंवा बाई नेमता येते. तिने वहीत गावातल्या बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटचं नाव लिहायचं, महिन्याला घरी जायचं, मोजायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, आणि गरज असेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. आशाताईशी भांडून नाही, तिच्या आणि डॉक्टरांच्या सोबतीने. नवीन इमारत नको, मशीन नको. वही, बीपीचं यंत्र, आणि वेळेवर पगार.

हे कोणी पुढे होऊन करणार असेल तर पाच गोष्टी आधीच ठरवा. निवड गावाने करायची, एखाद्या पुढाऱ्याने नाही. पगार ठरलेल्या तारखेला बँकेतच. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर. किमान पाच वर्षं चालवायची तयारी. आणि कोणाचीही पाटी लावायची नाही.

आणि मोठी देणगी देणाऱ्यांना एकच विनंती. अँब्युलन्स देताय? जरूर द्या. सोबत ड्रायव्हरचा पाच वर्षांचा पगार आणि डिझेल बाजूला ठेवा. मशीन देताय? टेक्निशियन कोण, ते आधी विचारा. तेवढे पैसे नसतील तर मशीन लहान घ्या, पण माणसासकट द्या. १८८६ च्या कामा हॉस्पिटलने हे ओळखलं होतं, आपल्याला १४० वर्षांनंतर ओळखायला हरकत नसावी.

जमशेदजींचं नाव राहिलं, ससूनचं राहिलं, आणि राहायलाच हवं. पण रखमाबाईंच्या प्रवासासाठी, फीसाठी ज्यांनी पैसे घातले, त्यातली किती नावं आज आपल्याला माहीत आहेत? त्या पैशातून शिकलेल्या डॉक्टरने किती बायका वाचवल्या, याची तर मोजदादही नाही.

तुमच्या गावात असं माणसासाठी दिलेलं दान कुठे असेल, एखाद्या नर्सचा पगार, मुलीच्या नर्सिंगची फी, कोणाच्या तरी औषधाचं महिन्याचं बिल, तर खाली जरूर लिहा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, काम सांगा. आणि शंभर रुपयांच्या हिशेबात काही चूक वाटत असेल तर तीही सांगा. चर्चा करू, पण यावेळी चर्चेवर थांबायचं नाही.